मोडक्या गाडीतली बैठक

या घरातला कुठलाही मोठा निर्णय घरात झालेला नव्हता.

भिंतीला भिंत लागून घरं. शेजारी शिंकले तर इकडे रुमाल शोधावा, अशी गत. म्हणून अण्णांनी गाडी घेतली तेव्हाच एक रीत पाडली: काही ठरवायचं झालं की सगळ्यांनी दारासमोरच्या गाडीत जाऊन बसायचं, दारं आपटून लावायची, काचा वर करायच्या आणि मगच तोंड उघडायचं. इंजिन मात्र सुरू करायचं नाही, पेट्रोल काय झाडाला लागतं? ताईचं लग्न तिथे ठरलं आणि ते मोडायचंही तिथेच ठरलं. कारखान्यातला हिस्सा काकांना देऊन टाकायचा ठरला, त्या दिवशी काचांवर आतून इतकी वाफ धरली होती की कोण रडतंय आणि कोण रडवतंय, ते बाहेरून कळेना. "गाडीत बसू या" असं कोणी म्हणालं की समजायचं, आता काहीतरी इकडचं तिकडे होणार.

जागाही ठरलेल्या. स्टिअरिंगच्या चाकामागे आई, कारण अण्णांना गाडी विकत घेता आली, चालवता कधी आली नाही. तिच्या शेजारी अण्णा. मागे दादा, ताई आणि धाकटा. पाच जागा, पाच मतं. थोरल्या सुनेला मत नाही, असं कोणी कधी म्हणालं नाही. जागा नव्हती, एवढंच.

तेव्हा वहिनीने लग्न होऊन आल्यापासूनच्या साऱ्या बैठका स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिल्या होत्या. आवाज येत नसे. पण रक्ताच्या थेंबावरून माणसाच्या आतली हालहवाल सांगणारी ती प्रयोगशाळेतली बाई, तिला हातवाऱ्यांवरून निकाल सांगणं कितीसं अवघड? नवरा मान खाली घालून उतरला की ताई जिंकली. मान वर करून उतरला की आई जिंकली. तो स्वतः कधी जिंकल्याचं तिच्या पाहण्यात नव्हतं.

अण्णा गेल्यापासून बैठक भरलीच नव्हती. आज भरायची होती, आणि विषय होता ती गाडीच. पंचाईत अशी की गाडी दारासमोर नव्हती. गॅरेजच्या मागच्या आवारात, फुटलेल्या टायरांच्या ढिगाशेजारी ती उभी होती आणि विमा कंपनीने तिला 'टोटल लॉस' ठरवून टाकलं होतं. म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडला होता. कंपनीच्या लेखी ही गाडी आता गाडी राहिली नव्हती. वाटा दोनच. गाडी आहे तशी कंपनीच्या हवाली करायची आणि पूर्ण रक्कम घ्यायची. नाहीतर मोडकी गाडी ठेवून घ्यायची, भंगाराची किंमत कापून येईल ते घ्यायचं, आणि पदरचे घालून दुरुस्त करायची. कंपनीला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

पण खरा प्रश्न गाडीचा नव्हता, हे आवारात शिरलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आईने यापुढे गाडी चालवायची की नाही, हे ठरणार होतं.

"इंजिन धडधाकट आहे," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "सांगाडा वाकलाय. करायची म्हटलं तर होईल. पण सरळ चालेलच, असं मी लिहून देणार नाही."

"मिस्त्री, आम्हाला जरा बोलायचंय," आई म्हणाली.

"बोला की. खुर्च्या आणू?"

"नको. गाडीत बसतो."

मिस्त्रीने आधी आईकडे पाहिलं, मग गाडीकडे. "या गाडीत?"

"मग काय तुमच्या टेबलावर बसू?"

मिस्त्री मुकाट्याने शेडकडे वळला. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं.

डावीकडची दोन्ही दारं चेपून आत गेलेली. उजवीकडची उघडत होती, पण म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखी, कुरकुरत. दादा, ताई, धाकटा मागे शिरले. वहिनी सवयीने बाजूला उभी राहिली. इथे खिडकी नव्हती, म्हणून तिने टायरांचा ढीग पसंत केला.

"तू कुठे चाललीस?" आई म्हणाली. "ये, पुढे बस."

"मी?"

"जागा रिकामी आहे. आणि माणसं पाच लागतात. चार असली की दोन-दोन होतात आणि मग रात्र होते."

मागे कुणीतरी घसा खाकरला. ताई असावी. वहिनी चाकामागून आत शिरली, गियरवरून पाय उचलून पलीकडे सरकली आणि अण्णांच्या जागेवर बसली. बसली म्हणजे जेमतेम मावली. समोरचा भाग आत आला होता, दार आत आलं होतं; गुडघे तिरके करून आईच्या बाजूला झुकूनच बसावं लागत होतं. तिने दाराकडे नीट पाहिलं. बाहेरचा पत्रा आत आत येत, सीटच्या मधोमध पोचून थांबला होता. इथे माणूस बसलेला असता, तर तो उरला असता असं म्हणता आलं नसतं.

आई चढली. धाकट्याने अण्णांच्या शिस्तीने मागचं दार दोन्ही हातांनी आपटलं. पुढचं आईने आपटलं. गाडीच्या पोटात काहीतरी 'कट्ट' वाजलं.

धाकट्याने लगेच हँडल ओढून पाहिलं. "अडकलं."

"ढकल की," दादा म्हणाला.

"ढकललं. पूर्ण अडकलंय. तुझी बाजू बघ."

"माझ्या बाजूला दारच नाही, डोंबल!"

आईने आपलं दार चाचपलं. तेही हलेना. वाकलेल्या गाडीची दारं आपटणारं दुसरं घराणं पृथ्वीच्या पाठीवर सापडायचं नाही. पण रीत ती रीत.

"बरं झालं," आई म्हणाली. "आता ठरल्याशिवाय कुणी उठत नाही. काचा वर करा."

"आई, आपण अडकलोय!" ताई म्हणाली.

"ऐकलं मी. काच वर कर."

काच वर गेली. बाहेरचे हातोड्याचे आवाज एकदम लांब गेले. हा आतला शांतपणा वहिनीने इतकी वर्षं फक्त बाहेरून पाहिला होता. ऑइलचा, जुन्या रेक्झिनचा आणि नवऱ्याच्या केसांच्या तेलाचा वास. सत्तेचा वास असा असतो होय, असं तिच्या मनात येऊन गेलं.

दादाने सुरुवात केली. तो मोठ्या कंपन्यांचे हिशेब तपासायचा आणि घरातही तपासतोय तसाच बोलायचा. "हे बघा, भावना बाजूला ठेवू. दुरुस्तीला जेवढे जाणार, त्यात गाडी परत पहिल्यासारखी होणार नाही. मिस्त्री स्वतः म्हणतोय. द्यावी आणि मोकळं व्हावं."

"तू ना, आईलासुद्धा घसारा लावशील," ताई म्हणाली. ती नाटकांचे कपडे शिवायची; उसवलेलं काहीही टाकून देणं तिच्या रक्तात नव्हतं. "अण्णांची गाडी आहे ही. दुरुस्त करायची. मी देते माझ्या वाट्याचे."

"कुठून देतेस?"

"माझं मी बघीन."

"म्हणजे माझ्याकडून."

"दोघांचंही बरोबर आहे," धाकटा म्हणाला. तो घरांचे व्यवहार जुळवायचा, दोन्ही पक्षांना असं म्हणूनच त्याचं पोट भरायचं. "गाडी ठेवू या, पण चालवायला नको. अंगणात उभी राहील. बैठकीला बरी."

"अरे वा! म्हणजे खर्च पण आणि गाडी पण नाही," दादा म्हणाला. मग त्याचा आवाज जरा खाली आला. "स्पष्टच बोलतो. आई, वाईट वाटून घेऊ नकोस. प्रश्न गाडीचा नाहीच. त्या दिवशी तू गोंधळलीस. समोरून रिकामा टेम्पो मागे घरंगळत येतोय, आणि तू ब्रेक दाबायचा सोडून ॲक्सिलरेटर दाबलास. बघणारे सगळे तेच म्हणाले. टेम्पोवाला म्हणाला, बाईच अंगावर आल्या. नशीब म्हणून वाचलीस. होतं असं वयात. पण पुन्हा नको."

"दादाचं याबाबतीत खरंय गं, आई," ताई हळूच म्हणाली. गाडी वाचवायला निघालेली ताई आईच्या बाबतीत अशी अलगद दादाच्या बाजूला सरकली. धाकट्यानेही मान हलवली. आरशातून वहिनीला तिघांचे चेहरे दिसत होते. तीन मतं एका बाजूला. आता आईने काही म्हणून उपयोग नव्हता. ती चाकावर हात ठेवून समोरच्या तडकलेल्या काचेतून बाहेर बघत होती, जणू पुढे रस्ता होता.

"वहिनी, तुझं काय?" धाकटा म्हणाला. "आता तुला मत आहे. वापर."

वहिनी मत द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर चाकाकडे गेली. चाक सरळ नव्हतं. पुरतं उजवीकडे वळून तिथेच अडकलेलं होतं. मग तिने खाली पाहिलं. हँडब्रेक टोकापर्यंत ओढलेला होता.

घाबरलेलं माणूस चुकून ॲक्सिलरेटर दाबतं, हे तिने मान्य केलं असतं. पण घाबरलेलं माणूस ॲक्सिलरेटर दाबून, चाक पुरतं वळवून, वर हँडब्रेकही ओढतं? प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला ती एकच गोष्ट शिकवायची: सुई नंतर, आधी माणसाला विचार. काही खाल्लंय का, कुठली गोळी चालू आहे का. अर्धे चुकीचे रिपोर्ट न विचारल्यामुळे होतात.

"आई," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही नेमकं काय केलंत?"

आईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत नवल होतं, आणि थोडा दिलासाही.

"हे कुणी विचारलंच नाही बघ," आई म्हणाली. "लागलं का, विचारलं. घाबरलीस का, विचारलं. पाणी पाहिजे का, विचारलं. याने तर मला झोपवून ठेवलं आणि कंपनीच्या माणसाला स्वतःच सगळं सांगून टाकलं."

"तुला त्रास नको म्हणून—" दादा म्हणाला.

"हो रे. त्रास झाला नाही." आईने चाकावरून हात काढले. "चढावर मी कडेला थांबले होते, औषधं घ्यायला. गाडीचं तोंड वर होतं. वरती तो टेम्पो उभा. ड्रायव्हर पेटी खांद्यावर घेऊन दुकानात गेला. आणि टेम्पो हलला. आधी वाटलं, मीच हलतेय. मग बघितलं, आत कुणी नाही. माझ्या मागे, उताराच्या पायथ्याला बसथांबा आहे, माहीत आहे ना? भरलेला होता. सगळी माणसं पलीकडे तोंड करून, बस कुठून येते ते बघत. हॉर्न दिला असता तर माझ्याकडे बघत बसली असती."

"मग?" धाकटा पुढे झुकला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने दोन्ही बाजूंचं बरोबर आहे असं म्हटलं नव्हतं.

"मग काय. त्याने वेग धरला असता तर माझी ही गाडी त्याला थांबवती? चिरडून पुढे गेला असता. वेग धरायच्या आत गाठायला पाहिजे होता. म्हणून ॲक्सिलरेटर दाबला. गोंधळून नाही, चांगला समजून दाबला. वर गेले, आणि अगदी जवळ पोचल्यावर चाक फिरवलं. गाडी आडवी घातली. हँडब्रेक ओढला, ब्रेकवर उभी राहिले. त्याने ढकललं मला, बरंच ढकललं. मागचा कोपरा गोदामाच्या भिंतीला टेकला, तेव्हा थांबला. तोही, मीही."



"उजवीकडेच का वळवलंत?" वहिनीने विचारलं. उत्तर तिला कळलं होतं. ते तिच्या डाव्या खांद्याला टोचत होतं. तरी ते ऐकायला हवं होतं.

"म्हणजे डावी बाजू त्याच्या अंगावर जाईल," आई म्हणाली. "डावी रिकामी होती ना. ती दिली."

पत्ते खेळताना नको असलेलं पान टाकावं, इतक्या साधेपणाने ती म्हणाली. मग थोडं थांबून, जरा लाजल्यासारखी, "हे शेजारी असते तर मी नसते गेले. खोटं कशाला बोलू? थांब्यावर कितीही माणसं असती तरी नसते गेले. जागा रिकामी होती म्हणून गेले."

वहिनी ज्या सीटवर बसली होती तिचा पत्रा, काच, फाटलेलं रेक्झिन सगळं तिला वेगळं दिसू लागलं. इतका वेळ ती मोडतोड होती. आता ते कुणीतरी अगदी अचूक घेतलेलं माप होतं. घरी हीच बाई भाजीवाल्याशी चार पैशांसाठी भांडते, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधते, सुनेने कपाट लावलं की पुन्हा लावते. आणि एका चढावर, पापणी लवायच्या आत, हिने काय द्यायचं आणि काय राखायचं ते बरोबर तोललं होतं. हिच्याशी मी इतकी वर्षं कपाटावरून वाद घातला, असं वहिनीच्या मनात आलं. आणि तिला हसूही आलं, कारण कपाटाबद्दल तिचं स्वतःचंच बरोबर होतं.

सगळ्यांत आधी दादा बोलला, तेव्हा त्याचा आवाज ओळखू येईना. "किती माणसं होती थांब्यावर?"

"मोजली नाहीत रे. मी काय तुझ्यासारखी आहे?"

मग एकदम सगळेच बोलू लागले. दुरुस्त करायची, दादा म्हणाला, काय लागतील ते लागोत! सांगाडा बाहेरून मागवू, धाकटा म्हणाला, माझ्या ओळखीचा आहे एक. ताई तर रडतच म्हणाली, ही गाडी कुठेही जाता कामा नये, हिला हात लावू देणार नाही मी कुणाला. इतकं एकमत या गाडीने कधी पाहिलं नव्हतं. तीन मतं पुन्हा एका बाजूला. बाजू तेवढी बदलली होती.

"झालं?" आई म्हणाली. "आता माझं ऐका. गाडी कंपनीला देऊन टाका."

"काय?" तिघेही एकदम.

"तिने करायचं ते केलं. आता तिला ओढूनताणून सरळ करायची, आणि ती वाकडी चालणार, आणि तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणार, ही बघा, ही ती गाडी. मला गाडी पाहिजे, समाधी नको. लहानशी घ्या एखादी. जुनी, वापरलेली चालेल. पण चालणारी."

"पण अण्णांची—" ताई म्हणाली.

"अण्णांची काय? अण्णांना तिचे गियर किती तेसुद्धा माहीत नव्हतं. गाडी माझी होती. ते बसायचे."

ताईने डोळे पुसले आणि हसली. "हे मात्र खरं."

"वहिनी, तुझं मत राहिलंच," धाकटा म्हणाला.

"मी आईंच्या बाजूने," वहिनी म्हणाली. एवढंच. पण ते म्हणताना तिने आरशात नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्याने नजर चोरली नाही.

"एक अडचण आहे," दादा म्हणाला. "कंपनीला मी सांगितलंय की चालक गोंधळून गेला. त्या वाक्यावरच त्यांनी दावा मंजूर केला. मला ते बदलायला लागेल."

"बदलशील तर पैसे अडकतील," धाकटा म्हणाला. "म्हणतील, मुद्दाम घातली. पुन्हा चौकशी. कदाचित देणारही नाहीत. गप्प बस ना. गाडी तर जातेच आहे, वाक्य राहू दे की."

हिशेबातली चूक दादाला कधी सहन झाली नव्हती. पण ती चूक घराच्या फायद्याची असताना तो ती खोडायला निघालाय, हे वहिनीने लग्नापासून पहिल्यांदाच पाहिलं.

"माझ्या आईबद्दल खोटं लिहिलंय मी," तो म्हणाला. "अडकू देत पैसे."

आईने पदराने चाक पुसलं. उगीचच. त्यावर धूळ नव्हती. "अडकले तर अडकले," ती म्हणाली. "तोवर तुझी चालवीन."

"माझी?"

"मग? तू नाहीतरी दिवसभर ऑफिसात बसतोस. तुझी गाडी खाली उन्हात उभी राहून काय अंडी घालते?"

ठरलं. धाकट्याने काच खाली करून मिस्त्रीला हाका मारल्या. मिस्त्री पहार घेऊन आला, दाराच्या फटीत घातली, आणि दार उघडताना विचारलं, "मग? दुरुस्त करायची ना?"

"नाही."

"मग एवढा वेळ आत काय करत होता?"

पाचही माणसं कुरकुरत्या दारांतून एकेक करून बाहेर पडली.

रस्त्यावर आल्यावर दादाने आपल्या गाडीचं दार उघडलं आणि बाजूला झाला. आई बसली. सीट पुढे घेतली, आरसा खाली केला, पायाशी वाकून पाहिलं. "हे काय? दोनच? क्लच कुठे गेला?"

"याला लागत नाही, आई. आपोआप होतं."

"मग मी डाव्या पायाने करायचं काय?"

"विश्रांती," दादा म्हणाला.

पहिल्या वळणावर गाडी दोनदा दचकली, मग सुरळीत झाली. कुणीही "सावकाश" म्हणालं नाही. मागे, ताई आणि धाकट्याच्या मधे दाटीवाटीने बसलेल्या वहिनीला सासूची मान तेवढी दिसत होती: बारीक, सुरकुतलेली, अंबाड्यातून एक केस सुटलेला. तिच्याकडे बघता बघता वहिनीचा ऊर भरून आला.

घरचा रस्ता त्याच उतारावरून खाली येत होता. पायथ्याच्या थांब्यावर गर्दी होती, पिशव्या, छत्र्या, फोनमध्ये घातलेली डोकी. बस दिसत नव्हती, त्यामुळे सगळे चिडलेले. आईने वेग कमी केला. एक टक्कल पडलेला गृहस्थ रांग सोडून बस बघायला रस्त्यावर उतरला होता. त्याच्यासाठी ती थांबली. तो दचकून मागे सरला, आत वाकून पाहिलं आणि हात उडवत ओरडला, "ओ आजी! येत नसेल तर कशाला चालवता? लोकांचे जीव घ्याल एखाद दिवशी!"

दादाचा चेहरा लाल झाला. त्याने काचेच्या बटणावर बोट ठेवलं. काच उतरू लागली.

"राहू दे," आई म्हणाली.

"राहू दे काय? याला माहीत तरी आहे का—"

"उभा आहे ना तो आपल्या पायावर? झालं तर." तिने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, आणि गाडी पुढे काढली.